खुंटीवरचं पागोटं

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते आणि कालपर्यंत औत हाकणाऱ्या आम्हा लोकांना साहेबलोक घडवायला निघाले होते. आमच्या साहेबांना बोलायची भारी हौस. "तुमच्यातले गुण आम्ही बाहेर काढू," असं ते दर सोमवारी सांगत. माझे गुण बाहेर पडायच्या वाटेत मात्र एक मोठी धोंड होती. ती म्हणजे माझे सासरे.

सासरे चिखलीचे. खडकीला लष्कराच्या वर्कशॉपात हात बसलेला, म्हणून आमच्या खात्याचे मुकादम झालेले. मी मारुंजीहून सायकल मारत येणारा शिकाऊ. साहेबांनी मला नेमकं त्यांच्याच हाताखाली दिलं. घरचं माणूस जीव लावून शिकवील, असं त्यांना वाटलं. साहेबांचं लग्न व्हायचं होतं. जावई ही काय चीज असते, ते त्यांना कुठून कळणार?

शिकायचं होतं ते एवढंच, की लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा कानशीनं घासून सगळ्या बाजूंनी काटकोनात आणायचा. दिवाळीनंतर परीक्षा. ठोकळा जमला तर नोकरी कायम, नाही तर परत गावाकडे. मी कानस उचलली रे उचलली, की सासरे धावत यायचे. "पाव्हणं, तुमी ऱ्हाऊ द्या. हाताला फोड येत्याल." आणि माझा ठोकळा स्वतः घासून द्यायचे. इतर शिकाऊंना आई-बापावरून शिव्या, मला बसायला स्टूल. साहेब फेरीवर आले की माझा चकचकीत ठोकळा बघून खूश व्हायचे आणि सगळ्यांना माझं उदाहरण द्यायचे.

मला मात्र झोप येईना. शेवटी बायकोला सांगितलं.

पुढच्या रविवारी सासरे लेकीला भेटायला आले. ओट्यावरच बसले. लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. बायको दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, तुमच्या मानापानात यांची नोकरी जाणार. मग तुमची लेक काय मान शिजवून खाईल व्हय?"

सासरे डोक्यावरचं पागोटं सावरत उठले आणि चालू लागले. पण सोमवारी खात्यात शिरताच त्यांनी डोक्यावरचं तांबडं पागोटं उतरवून खुंटीला लावलं आणि कंपनीची खाकी टोपी घातली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "पाव्हणं, पागोटं खुंटीवर हाय तवर मी तुमचा सासरा न्हाई."

आणि मी कानस चालवताच खातं दणाणलं. "आरं गाढवा, कानस हाय ती! दाढी करतोस का काय?"

सगळ्यांचे हात थांबले. सासऱ्यानं जावयाला गाढव म्हणावं, हे पंचक्रोशीत घडलं नव्हतं. मग रोजच ऐकू लागलो. माझ्या कोपराला टपली, कमरेला गुद्दा, "खांद्यातनं जोर काढ, मनगटातनं न्हाई." सुटी झाली, की ते पागोटं चढवून माझा डबा हातात घ्यायचे. "पाव्हणं, राग न्हाई ना आला?" साहेबांना हा सगळा आपल्या भाषणांचा गुण वाटला. आम्हीही त्यांचा विरस केला नाही.

खरं सांगायचं तर मला राग येतच नव्हता. माझे वडील मी रांगत असतानाच गेले. घरात आई मला कधी रागावली नाही, बिनबापाचं पोर म्हणून. कोणी कान धरून शिकवावं, याची मला किती भूक होती, ते त्या खात्यात कळलं.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी माझ्या ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून तो उजेडाकडे धरला. दोन्हींच्या मधून कुठूनही उजेड दिसला नाही. मी कायम झालो. साहेबांनी स्वतःचंच अभिनंदन केल्यासारखं माझं केलं.

सुटी झाली. सासरे खुंटीपाशी गेले, पागोट्याला हात लावला आणि थांबले. ते न घालताच माझ्याकडे वळले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चांगलं घासलंस, पोरा."

मग पागोटं चढवलं, माझा डबा घेतला आणि म्हणाले, "चला, पाव्हणं."