मुंडक्यासकट मरळ

देऊळघाटच्या बाजारात कौशल्याबाई भोईण मासे विकायची, पण माशाचं तोंड काही तिच्या टोपलीत दिसत नसे. शेतकऱ्यांच्या घरी मासा गुपचूप शिजे. सापासारखं मुंडकं पाहिलं की बाया नाकाला पदर लावत. म्हणून पैनगंगेच्या डोहातली मरळ ती काठावरच छाटून, सोलून आणी. बाळंतिणीला मरळच लागे. मरळीची सावत्र बहीण बोत्री. ती मजूर खात; बाळंतिणीला बाधते, असं म्हणत. जिवंतपणी दोघी ओळखू येतात. मरळीचे खवले बारीक, बोत्रीचे मोठे. सोलल्यावर मात्र दोन्हींचं मांस पांढरंच. मग उरे तो कौशल्याबाईचा शब्द.

नवं मराठी राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. सकाळी मरळ घेऊन गेलेले पंजाबराव पाटील दिवस कलताना परत आले आणि पानात बांधलेला कच्चा तुकडा त्यांनी तिच्या टोपलीत फेकला.

"बोत्री चारली तू माह्या बाळंतीण सुनेले! पोट धरून बसली थे."

"मरळच होती, पाटील."

"कायवरून?"

तिनं तुकडा उजेडात धरला, वास घेतला. शेजारी मासे विकणारी वच्छलाबाई हसली. "इचारा त्या तुकड्याले, पाटील. बोलते का पाहा."

सकाळी घाईत कौशल्याबाईनं मरळ नि बोत्री एकाच दगडावर सोलल्या होत्या. आता तिलाही सांगता येईना.

"तोंड नोको दाखवू, असं तुमीच म्हणता," ती तडकली. "मंग आता काऊन इचारता?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" पाटील ओरडले.

पुढच्या बाजारी तिनं मरळी मुंडक्यांसकट मांडल्या, तोंडं रस्त्याकडे करून. बोत्रीची पाटी वेगळी. पाटलांच्या घरचे लोक वळसा घालून वच्छलाबाईकडे जाऊ लागले. तिथं सोललेलं मिळे. कौशल्याबाईनं तोंडं फिरवली नाहीत.

वर्षभरानं पंजाबराव आले. धाकटी सून बाळंत झाली होती, आणि वच्छलाबाईच्या सोललेल्या मासोळीवर त्यांचा भरवसा बसेना.

"एक मरळ दे. साफ करून."

"आधी पाहा." तिनं मासा त्यांच्यापुढे धरला. "खवल्यावर बोट फिरवा. मंग कापून देतो."

पाटलांनी मान वळवली. "मले नाही पाहावत. तू सांगून राह्यली ना, बस झालं."

"माह्यं सांगणं? थे तं तुमी त्या दिशी टोपलीत फेकलं."

तिनं मासा पाटीत ठेवला आणि पाटलांच्या मागं उभ्या मजुराला हाक मारली, "ये रे बापू, तुले काय पाह्यजे?"