पहिला रोडगा

माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीला मी लोकांसमोर "मॅडम" म्हणालो आणि ती माझ्या ओळखीची नाही असं सांगितलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे त्या मोटारींच्या रॅलीबद्दल आणि ती भरवणाऱ्यांबद्दल मी बरंच वाकडं बोलणार आहे. वाचणाऱ्याला असं वाटायला नको की सगळा मूर्खपणा त्यांचाच होता.

रॅलीच्या दोन वर्षं आधी मला न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यात एक वेळ अशी आली की डॉक्टरांनी माझ्या बायकोला बाजूला बोलावून जवळच्या लोकांना कळवा म्हणून सांगितलं. बाई, म्हणजे हीच माझी मोठी बहीण, बसनं अल्लीपूरहून आली. तिला आत सोडेनात, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून तिनं समुद्रपूरकडच्या जंगलातल्या देवीला नवस बोलला. भाऊ उठून घरी आला तर तुझ्या दारात रोडगे करीन. मी उठलो. औषधांनी उठलो की नवसानं, यावर मी तिच्याशी वादही घातला, वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या माझ्या घरी खुर्चीत टेकून बसून, तिनंच तापवून दिलेलं दूध पीत.

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. नवसाचे असतील तर आमच्या घरची एक रीत आहे. ज्याच्यासाठी नवस बोलला असेल त्यानं पहिला रोडगा आपल्या हातानं विस्तवातून काढून देवापुढे ठेवायचा. तोवर कोणी जेवायचं नाही. नवस बोलणारी तर त्या दिवशी सकाळपासून उपाशीच असते. म्हणजे मी नसलो तर नवस फिटत नव्हता. हे मला चांगलं माहीत होतं आणि तरीही मी दोन वर्षं आज नाही उद्या करत ढकलली. शेवटी भाऊजींनी, म्हणजे बाईच्या यजमानांनी, फेब्रुवारीतला एक रविवार ठरवून मला नुसता कळवला.

त्यानंतर काही दिवसांनी रॅलीचं निघालं. नागपूरच्या मोटारींच्या हौशी लोकांचा एक क्लब त्याच जंगलात, त्याच रविवारी रॅली करणार होता आणि त्यांना वर्ध्याकडचे स्वयंसेवक हवे होते. शेजाऱ्याच्या ओळखीनं माझं नाव गेलं. माझ्या आजारानंतर ऑफिसात सगळे मला काचेच्या भांड्यासारखं जपत. जबाबदारीचं काम कोणी देत नसे. मी मार्शल, म्हणजे रॅलीचा रस्ता राखणारा स्वयंसेवक, व्हायला हो म्हटलं. बाईला फोन करून सांगितलं, "तिथंच तर आहो मी. रस्ताच माह्या हातात आहे. तुमी बिनधास्त या." रॅली दुपारच्या आत संपणार होती.

क्लबच्या प्रमुखांना सगळे चीफ म्हणत. वर्ध्यातल्या एका सभागृहात त्यांनी आमची तालीम घेतली. मार्शल म्हणजे रॅलीचे डोळे, असं ते काळा चष्मा न काढता म्हणाले. आम्हाला केशरी जाकिटं मिळाली, शिट्टी मिळाली, झेंडे मिळाले. घरी येऊन मी जाकीट चढवलं आणि आरशासमोर बराच वेळ उभा राहिलो. बायको स्वयंपाकघरातून डोकावली आणि म्हणाली, "मले वाटलं सिलिंडर आलं." मला राग आला. आता वाटतं, तिचं ऐकून ते जाकीट तिथंच खुंटीला टांगलं असतं तर बरं झालं असतं.

क्लबच्या पत्रकात "घनदाट अरण्यातला थरार" असं छापलं होतं. सरकारी भाषेत त्याला झुडपी जंगल म्हणतात. थोडे साग, थोडे पळस, बोरी, बाकी घाणेरी. गावच्या बकऱ्या तिथं रोज थरार अनुभवतात. बरं, स्पर्धासुद्धा बहुतेक वेगाची नव्हती. ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी पोचायचं, लवकर नाही आणि उशिरा नाही. आमची समुद्रपूरची एसटी जे रोज करायची धडपड करते तेच, फक्त इथं त्यासाठी बक्षीस होतं आणि गाडीवर वाघाच्या पंजाची चित्रं होती. एकच टप्पा वेगाचा होता. तो मला नेमून दिलेल्या तिठ्यावरून जात होता. त्या टप्प्यासाठी रस्ता बंद. लाल-पांढरी प्लास्टिकची पट्टी बांधायची आणि शेवटची गाडी जाईपर्यंत कोणाला ओलांडू द्यायचं नाही.

देवीचं ठाणं त्या पट्टीच्या पलीकडे होतं, हाकेच्या अंतरावर.

सकाळी मी आणि नागपूरच्या बँकेतला आणखी एक मार्शल पट्टी बांधून तयार होतो. गाड्यांचा पत्ता नव्हता. झेंडा दाखवायला बोलावलेले पाहुणेच उठले नव्हते म्हणे. तेवढ्यात बाईचा भाड्याचा छोटा हत्ती, म्हणजे तो छोटा टेम्पो, येताना दिसला. मागच्या हौद्यात बाई, तिची सून, शेजारच्या दोन बायका, गोवऱ्यांचं पोतं, वांग्यांची पिशवी आणि मांडीवर ओल्या फडक्यानं झाकलेली कणकेची परात. भाऊजी पुढे, ड्रायव्हरजवळ. गाडी थांबली तशी बाई खाली उतरली आणि कपाळावर आडवा हात धरून, हसत, माझ्या दिशेनं चालायला लागली.

त्याच वेळी चीफची जीप माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. चीफनी काच खाली केली, बाईकडे पाहिलं, छोट्या हत्तीतल्या पोत्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ये कौन लोग हैं? आपके पहचान के हैं क्या?"

मला खरं उत्तर देता आलं असतं. ते काही मला खाणार नव्हते. फार तर हसले असते. पण चीफच्या तोंडावर जो कंटाळा होता, तो त्या गोवऱ्यांवरून माझ्यावर येईल याची मला लाज वाटली. मी म्हणालो, "नहीं सर. गाववाले होंगे।"

बाई तोवर ऐकू येईल इतकी जवळ आली होती. मग तिच्याकडे वळून मी आणखी पुढचं बोललो, तेही शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत. "मॅडम, रस्ता बंद आहे. कृपया पट्टीच्या मागे थांबा."

ती थांबली. तिनं माझ्या जाकिटाकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं. मग म्हणाली, "थांबतो आमी, साहेब."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो केव्हाच विसरलो असतो. तिला वाटलं, भाऊ कुठल्या तरी अडचणीत आहे, मोठा साहेब उभा आहे, आपल्यामुळे त्याची नोकरीबिकरी जायला नको. माझं खोटं तिनं माझ्यासाठी सांभाळून घेतलं आणि मागे जाऊन पळसाखाली बसली.

भाऊजींनी मात्र सांभाळून घेतलं नाही. चीफ गेल्यावर ते पट्टीपाशी आले आणि बँकवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "साहेब, आमचा एक साळा आहे. मरता मरता वाचला बिचारा. त्याच्याच नवसाचे रोडगे आहेत. दिसला तं सांगजा त्याले, लोकं वाट पाहून राह्यले म्हणा."

बँकवाला हसला. मीही हसलो.

गाड्या सुरू झाल्या. प्रत्येक गाडीमागे धुळीचा लोट येई आणि बाई परातीवरचं फडकं आणखी खाली ओढून घेई. एका गाडीत नवरा चालवत होता आणि बायको मांडीवरचा कागद वाचून डावीकडे-उजवीकडे ओरडत होती. तिठ्यावर येऊन त्यांचं भांडण झालं, गाडी थांबली, आणि थरार जागेवर उभा राहिला. पुढच्या नाल्यातल्या रेतीत एक गाडी रुतली, तर सगळी रॅली थांबली. त्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या वर्षानुवर्षं जातात. त्या रुतल्या म्हणून कोणी शिट्ट्या वाजवत पळत आल्याचं मी तरी पाहिलं नाही.

रॅली थांबलेली असताना मागून एक मोठी पांढरी गाडी आली. चीफच्या घरच्या मंडळींना फोटो काढायला पुढे जायचं होतं. मी पट्टी वर उचलली. दोन्ही हातांनी उचलली आणि गाडी खालून जाईपर्यंत धरून ठेवली. पळसाखालून बाई बघत होती. भाऊजी उठून आले. या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही, सरळ विचारलं. "तेवढीच दोन मिनिटं आमाले सोडा ना. थे सकाळपासून उपाशी आहे." मी म्हणालो, शेवटची गाडी जाईपर्यंत नियम आहे. नियम खराच होता, सुरक्षेसाठी होता, त्याबद्दल मी आजही भांडेन. पण थोड्याच वेळापूर्वी तो नियम मी पट्टीसकट डोक्याच्या वर धरला होता आणि त्याखालून काय गेलं ते त्यांनीही पाहिलं होतं.

दुपारी मार्शलांचे डबे आले. पुलाव, एक भाजी, दोन गुलाबजाम. मी क्लबच्या एका जीपच्या मागे गेलो, पळसाकडे पाठ केली आणि जेवलो. सगळं जेवलो.

ऊन उतरायला लागलं तेव्हा शेवटची गाडी गेली. आम्ही पट्टी कापली. छोटा हत्ती माझ्या बाजूनं जाताना मी हळूच म्हणालो, "हो पुढं, आलोच मी." बाईनं मान हलवली. तेवढ्यात चीफनी सगळ्या मार्शलांना क्लबनं घातलेल्या मांडवात बोलावलं. प्रमाणपत्रं होती, फोटो होता. मी मांडवाकडे गेलो. चीफनी भाषणात जंगलाचे आभार मानले, आणि गावकऱ्यांच्या सहकार्याचेही. त्यावर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

ठाण्यावर पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. बायका भांडी गोळा करत होत्या. देवीपुढे एक रोडगा ठेवलेला होता. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाई म्हणाली, "अंधार पडून राह्यला होता, भाऊ. मंग मीच काढला." तिच्या दोन बोटांना चटका बसला होता, त्यावर तूप चोपडलं होतं. तिनं माझ्यासाठी ताट राखून ठेवलं होतं. मी पोट भरलेलं असताना जेवलो आणि वांग्याची भाजी छान झाली म्हणालो.

पुढे आठवडाभर ऑफिसात मी रॅलीच्या गोष्टी सांगितल्या. प्रमाणपत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं. बाईचे फोन आधीसारखेच येत. जेवला का, गोळ्या घेते का बरोबर, हेच. ती त्या दिवसाचं काढत नसे, म्हणून मीही काढत नसे, आणि तिच्या मनात काही नाही अशी माझी सोयीची समजूत मी करून घेतली होती.

यंदा क्लबचा पुन्हा फोन आला. अनुभवी मार्शल म्हणून आधी तुम्हालाच विचारतो, म्हणाले. मी विचार करून सांगतो म्हटलं. खोटं कशाला लिहू, खरंच विचार करत होतो. जाकीट कपाटात घडी घालून ठेवलेलं होतं. त्याच आठवड्यात अल्लीपूरला गेलो. बाई अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. जवळ एक शेजारीण बसली होती, गल्लीत नव्यानं राहायला आलेली. मला आत येताना पाहून तिनं बाईला विचारलं, "हे कोण व्हय?"

बाईनं सूपही थांबवलं नाही. "माहा भाऊ व्हय. वर्ध्याले राह्यते." आणि मला म्हणाली, "बस. च्या ठेवतो."

मी बसलो नाही. ती नवी शेजारीण माझ्याकडे बघत होती. ती उठून जाईल आणि मग बोलू, असं एकदा मनात आलं. पण ओळखीची नाही म्हटलं होतं तेही लोकांसमोरच. मी अंगणात उभा राहूनच बोललो.

"बाई, थ्या रॅलीत तू माह्यासमोर उभी होती अन् मी त्या माणसाले सांगतलं का मी तुले ओळखत नाई. तुले मॅडम म्हटलं. तू दिवसभर उपाशी बसली अन् मी जीपच्या मांगं लपून डबा खाल्ला. पहिला रोडगा मी काढाले पायजे होता. मी मांडवात फोटो काढत होतो. माहं चुकलं, बाई. मले माफ कर."