भिकाजीचा सात मीटरचा डोंगर

भिकाजी वनखात्यात बावीस वर्षं मजूर होता. मोजणीच्या वेळी काम एकच: झाडाला मापाची काठी लावून उभं राहायचं. ते तो अशा ताठ्यात करी की पाहणाऱ्याला वाटावं, झाडच त्याला टेकून उभं आहे.

यंदा मोजणी निघाली ती त्याच्याच गावावरच्या सरकारी डोंगरावर. योगिनी मॅडम लॅपटॉप घेऊन रत्नागिरीहून आल्या. किती वर्षांत सगळ्यांत उंच झाडं किती वाढली, यावरून त्या जमिनीचा कस काढणार होत्या. जमीन निकस निघाली की ऐन-किंजळाची झाडं तोडून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची, असं खात्याच्या साहेबांचं ठरलेलं. रोपं मागवूनही झाली होती, मोजणी तेवढी राहिली होती.

ऐन चाळीस वर्षांचे आणि उंची सात मीटर! मॅडमनी पुन्हा मोजलं. सातच. "इतकी वाईट जमीन मी कोकणात पाहिली नाही," त्या म्हणाल्या, आणि भिकाजीची काठी पहिल्यांदाच कलली.

जमीन बिचारी निर्दोष होती. दर हिवाळ्यात सगळा गाव कोयते घेऊन डोंगरावर चढे आणि ऐनाचे शेंडे उतरवी. हे कवळ शेतात जाळून त्या राखेवर भाताची रोपं करायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कवळ नाही तर भात नाही. सरकारी डोंगरावर मात्र हा गुन्हा. तो रोखायला नेमलेला माणूस भिकाजी, आणि सगळ्यांत उंच शेंड्यावर चढणाराही भिकाजीच.

बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर डोंगर. बायकोने, सावित्रीने, भाकरी थापता थापता निकाल दिला, "नोकरी तुमची एकल्याची. डोंगर सगल्यांचो."

दुसऱ्या दिवशी तो साहेब आणि मॅडमपुढे उभा राहिला. "झाडां वाढत नाय असा नाय, सायेब. आमीच वाढू देत नाय. शेंडे मीच तोडतंय."

साहेब लाल झाले. मॅडम मात्र त्याला घेऊन तडक देवळामागच्या राहाटीत, म्हणजे देवराईत, गेल्या. तिथले ऐन देवाचे, त्यांना कुणी कोयता लावत नाही. तेवढ्याच वयाचे, आणि एकेक बावीस मीटर! मॅडमनी सगळं गणित नव्याने मांडलं. जमीन अव्वल ठरली. भिकाजीला रडू कोसळलं, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

साहेबांनी नवा अहवाल शेवटपर्यंत वाचला, हे त्यांच्या कारकिर्दीत प्रथमच घडलं. "अव्वल जमीन, आणि तिच्यावर ऐन?" ते हळहळले. बाभूळ खोडून त्यांनी सागवान लिहिलं आणि तोडीच्या आदेशावर सही केली. भिकाजीला ताकीद देऊन सोडलं.

संध्याकाळी गाव पारावर जमला. "भिकाजी, काय झाला रं?"

"आपली जमीन लय चांगली हाय," भिकाजी म्हणाला. "म्हनून गेली."