बाबांची मांडी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांची मांडी पार वाळली. वजन उचलायला मनाई होती, म्हणून फिजिओथेरपिस्ट मुलगी आमच्या गुडगावच्या फ्लॅटवर यायची. मांडीवर रुंद पट्टा आवळून ती रक्ताचा ओघ कमी करायची आणि सौम्य वीज सोडायची. स्नायू आपोआप आखडायचा. एवढ्यानंही ताकद येते, असं ती सांगायची.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात राहत होतो तेव्हापासून दर संक्रांतीला पानिपतला, मराठ्यांच्या लढाईच्या काला अंब स्मारकापाशी जायचा बाबांचा नेम होता. तिथे बसून मानवंदना द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

ती पट्टा आवळत असताना बाबा तिला म्हणाले, "और कसो बेटा, पानिपत जाना है."

"अंकल, जांघ है, किला नहीं."

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "किल्ल्याचं बरं असतं. त्याला गुडघे नसतात."

त्या संक्रांतीला मी व्हीलचेअर बरोबर नेली. स्मारकासमोर त्यांनी चपला काढल्या, माझा हात बाजूला केला आणि मौन संपेपर्यंत सगळ्यांबरोबर उभे राहिले. मांडी थरथरत होती. मग न सांगताच खुर्चीत बसले.

यंदा मी एकटीच गेले. मौन संपलं, माणसं पांगली, तरी मला तिथून हलवेना.