डाग वयर

“डाग वयर.”

मास्तर एवढंच म्हणायचे आणि उत्तराची वाट न बघता तुमच्या ढिगातला आंबा उचलून उलटा करायचे. देखणी, पिवळीधमक बाजू खाली आणि काळा ठिपका आकाशाकडे. मग पुढच्या टोपलीकडे. लाल माठाच्या जुडीत किडकं पान दिसलं तर तेच बाहेर ओढून ठेवायचे. देवगडकडचा एक बागायतदार पहिल्या दिवशी वैतागून म्हणाला, “मास्तर, डाग दाखवन गिरायक येतलो?”

“लपवलंस तर एकदा येतलो. दाखवलंस तर परत येतलो.”

तुम्ही हायवेने कसालवरून गेला असाल, तर आठवड्यातून एकदा सकाळी फणसाच्या झाडाखाली भरणारा आमचा शेतकरी बाजार पाहिला असेल. स्वतः पिकवलेलं तेवढंच तिथे विकायचं, दलालाला मज्जाव. हा बाजार ज्यांनी उभा केला, त्या मास्तरांविषयी मी सांगते आहे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. एसटीत कंडक्टर होते, आणि आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात.

पहाटेच्या पहिल्या गाडीला आतल्या गावांतल्या बायका भाजीच्या टोपल्या घेऊन चढायच्या. माझी आई त्यातलीच एक. स्टँडवर गाडी थांबली की दलाल टोपली डोक्यावरून उतरायच्या आतच हात घालायचे. ते देतील तो भाव. ऊन वर यायच्या आत बायका त्याच गाडीने रिकाम्या टोपल्या घेऊन परत. मास्तर हे दाराशी उभे राहून नोकरीभर बघत होते. निवृत्त झाल्यावर ते आमच्या खळ्यात येऊन बसले आणि आईला म्हणाले, “तुझी टोपली मी इतकी वर्सां गाडयेत चढवलंय. आता तू माझ्या गाडयेत चढ.” आईला काही कळलं नाही, पण त्यांनी कधी तिला मागे सोडून गाडी नेली नव्हती. ती चढली; बाजारातली पहिली टोपली तिचीच.

त्यांनी भंगारातून एक जुनी घंटा आणून फणसाला दोरीने बांधली. बाजार त्या घंटेवर चालायचा. एसटीचाच नियम: एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन बेल होईपर्यंत कोणी पानसुद्धा विकायचं नाही. हॉटेलवाला नोटा हातात धरून घाई करायचा, तर मास्तर त्याला सावलीत बसवायचे. “लांबची गाडी येवक नाय अजून.” सगळ्यात आतल्या गावच्या बायका उतरून टोपल्या मांडीपर्यंत घंटा गप्प. जवळ राहणाऱ्याने आधी येऊन गिऱ्हाईक पळवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी सांगत असते, त्यात लाज कसली? बी.कॉम. झाले त्या वर्षी जागेच्या परवानगीसाठी मास्तर मला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेले. बाजारात मालवणीत सगळ्यांना झाडणारा हा माणूस साहेबापुढे ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “सदरहू महिला सदरहू जागेत सदरहू भाजी...” आणि तिथेच अडकला. साहेब हसू दाबत होते. मास्तरांनी घाम पुसला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं. “ह्यां आमचां चेडू. बी.कॉम. आसा. ह्यां बोलतलां.”

मी बोलले. परवानगी मिळाली. परतीच्या गाडीत त्यांनी ड्रायव्हरपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांना सांगितलं की साहेब खुर्चीतून उठले होते. साहेब पंखा लावायला उठले होते. पण पदवीचा कागद हातात आला त्या दिवसापेक्षा त्या गाडीतून उतरताना मी जास्त शिकलेली होते.

मास्तरांची स्वतःची आंब्याची थोडी कलमं होती आणि हंगामात त्यांचाही ढीग लागायचा. गेल्या हंगामात एक नेहमीच्या बाई पेटी घेऊन परत आल्या. वरचे आंबे सुंदर, उलटवले तर डाग. पेटी मास्तरांची. बाई समजूतदार, म्हणाल्या, असू दे हो, होतं असं. मास्तरांनी आंबा उचलला, डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. आम्ही सगळ्याजणी आपापल्या टोपल्यांत मान घालून लावलेली भाजी परत लावत बसलो.

बाजाराच्या पुढच्या बैठकीत ते उभे राहिले. “माका आता डाग दिसनत नाय. म्हणान मी चललंय.” शिरोड्याला लेकीकडे राहायला जाणार होते. एकच गलका झाला. अध्यक्ष म्हणून नुसते बसा, खुर्ची देतो, चहा देतो. तेवढ्यात आई बोलून गेली, “मास्तरानू, आंबे आमी लावतो तुमचे. इतके दिस लावतंच होतंय. त्या दिसा मी लग्नाक गेललंय, म्हणान...”

खरंच, ते घंटेकडे गेले की ती दर बाजाराला त्यांच्या ढिगाशी जाऊन एकेक आंबा डाग वर करून ठेवत असे. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त त्यांना नव्हतं.

मास्तर तिच्याकडे वळले. मग हसले. “म्हणजे इतके दिस माझो डाग तुमी खाली ठेवलात.”

अधूनमधून तरी येऊन बसा, असं मी म्हणाले. ते म्हणाले, “एका गाडयेत दोन कंडक्टर नको गो.”

शेवटच्या दिवशी ते पिशवी खांद्याला लावूनच आले होते. आंबे आणले नव्हते. लांबची गाडी आली, बायका उतरल्या, टोपल्या मांडून झाल्या. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. मी ओढली. एक बेल झाली आणि माझा हात तिथेच राहिला. सगळा बाजार माझ्याकडे बघत होता. आम्हाला हे जमेल का, हा प्रश्न इतके दिवस कोणी तोंडाने विचारला नव्हता. तो आता त्या दोरीला लोंबकळत होता.

मास्तर माझ्या कानाशी वाकले. “एक मारलंस तर गाडी थांबता. दुसरी मार.”

मी मारली. गलबला उसळला, गिऱ्हाइकं आत शिरली, कोणीतरी मला सुट्टे मागितले. मान वर केली तेव्हा फणसाखाली ते नव्हते.

बाजार चालू आहे. आंब्यांचे डाग वर आहेत. पण अजूनही पहिल्या आणि दुसऱ्या बेलच्या मध्ये माझा हात जरा रेंगाळतो. मग मागून आई म्हणते, “मार गो. भाजी सुकता.”