सेवामूल्य

त्या संस्थेत म्हाताऱ्यांना 'अतिथी' म्हणतात आणि महिन्याला अडतीस हजार घेतात. फी म्हटलेलं चालत नाही. संचालकांनी मला दोनदा सुधारलं, "आम्ही सेवामूल्य म्हणतो." माझी पेन्शन चाळीस. उरलेल्या दोन हजारांत मला आणि बायकोला महिनाभर जेवायचं होतं.

संचालकांच्या मागे भिंतीवर आईच्या थोरवीचं संस्कृत वचन होतं, मोठ्या अक्षरांत. दरपत्रक त्याखाली, बारीक.

माझी आई शेजारी बसली होती. मखमलाबादच्या मळ्यातली भाजी भद्रकालीच्या बाजारात विकून तिने मला शिकवलं. आता ती मला अधूनमधून गिऱ्हाईक समजते. पंधरवड्यात दोनदा गॅस उघडा राहिला, आणि मागच्या आठवड्यात बाजाराला म्हणून निघालेली आई हायवेवर सापडली. तिला घरी ठेवणं आता जमणार नव्हतं.

"पाहुना म्हनता आन् पैसं घेता?" आईने विचारलं.

संचालक प्रेमळ हसले. "आजी, इथे संगीतोपचार आहे, सुगंधोपचार आहे..."

"पाल्याचं कवतिक नको भाऊ, भाव बोल."

"अडतीस हजार."

"तीसला दे."

"आजी, आमचा दर ठरलेला असतो."

"भवानीच्या टायमाला नाय म्हनू नये." दिवसाची पहिली विक्री मोडू नये, हे तिचं अर्थशास्त्र. मी वाचलेल्या अर्थशास्त्रात हा मुद्दा नव्हता. ती उठली आणि माझी बाही ओढून कुजबुजली, "चल. मागं बघू नको. हाक मारतोय तो."

तिची पिशवी उचलून मी निघालो. दार आलं, हाक नाही. व्हरांडा संपला, हाक नाही. आई ऐटीत चालत होती. मला मात्र घरचा गॅस दिसत होता. मागे वळून गयावया करावी, असं चारदा मनात आलं. फाटकाची कडी काढली तेव्हा मागून आवाज आला, "अहो आजी! पस्तीस करू."

आईने मान वळवली नाही. "बत्तीस. आन् वर काय टाकशील?"

"वर?"

"कोथिंबीर तर समदेच टाकत्यात."

संचालक धापा टाकत आमच्यापर्यंत पोचले. "बरं, बत्तीस. कपड्यांच्या धुलाईचे वेगळे घेत नाही."

एवढ्या वर्षांत एकाही नातेवाइकाने घासाघीस केली नव्हती, असं ते मला नंतर म्हणाले. आम्हा शिकलेल्यांना लाज आडवी येते. सेवामूल्य हा शब्द त्यासाठीच असावा.

आई खूश होती. "बघितलंस? सहा हजार पाडलं." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "काय घेतलं रं आपुन?"

मी फाटकाची कडी पुन्हा लावली.

"पिशवी आनलीस ना?"

मी पुढे केली. तिने पिशवीचं तोंड उघडून पाहिलं. आत तिच्या चार साड्या होत्या, कंगवा होता, औषधं होती.

"ही तर भरलेली हाय," ती वैतागून म्हणाली. "आता माल कशात न्यायचा?"