नाव पुढे कुणाचं

कलकत्त्यात त्या काळी एवढी माणसं राहत होती, पण "आज फार उकडतंय" हे साधं वाक्यसुद्धा ते आधी कोण बोललं हे सांगितल्याशिवाय न उच्चारणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या ओळखीचा होता, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. एरवी छातीठोकपणे सांगण्यासारखं माझ्याजवळ फारसं काही नसतं. काका म्हणायचे, "आज उकडतंय. मघाशी दारात दूधवाला म्हणाला. मलाही वाटत होतं, पण आधी तो म्हणाला." बाजारात मासा निवडताना ते कोळणीला सांगायचे की डोळे पाहून मासा घ्यावा हे ज्ञान आपलं नव्हे, वरच्या मजल्यावरच्या घोषबाबूंचं आहे. कोळणीला ते जन्मापासून ठाऊक असणार, पण घोषबाबूंचं नाव ऐकून घेतल्याशिवाय तिला पैसे मिळत नसत.

काका माझे सख्खे काका नव्हेत. त्यांचे आजोबा कधीतरी नोकरीसाठी इकडे आले आणि राहिले. काका बागबाजारातच जन्मले, वाढले, आणि एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ झाले. त्यांचं मराठी शुद्ध होतं, फक्त ते चहा पीत नसत, बंगाल्यांसारखा खात असत. "बस, चहा खा," असं ते म्हणाले की मुंबईहून नवीन बदलून आलेले अधिकारी खाली बघून हसायचे. आम्ही खिदिरपूरला राहायचो. वडील गोदीवर कस्टममध्ये शिपाई होते. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी मला काकांसमोर उभं केलं आणि टोपी हातात घेऊन म्हणाले, "साहेब, आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला हा पहिलाच. रसायन घेतलंय म्हणतो. पुढचं आम्हाला काय कळत नाही. तुम्ही जरा बघा." काका लगेच काकूंकडे वळून म्हणाले, "मुलगा हुशार आहे, असं याचे वडील म्हणतात." वडील गडबडले. "मी कुठं तसं म्हणालो, साहेब?" "चेहऱ्यानं म्हणालात," काका म्हणाले. "तेही धरावं लागतं."

त्याच मंडळाच्या सभेत एकदा बँकेत नोकरी करणाऱ्या चिटणिसांनी आरती लवकर उरकावी, म्हणजे लांबच्या मंडळींना ट्राम मिळेल, अशी सूचना मांडली. टाळ्या पडल्या. काका उठून उभे राहिले. सर्वांना वाटलं, विरोध. ते म्हणाले, "सूचना उत्तम आहे. फक्त ती गेल्या वर्षी पाण्याच्या पिंपापाशी उभं राहून कुलकर्णीबाईंनी प्रथम मांडली होती. तशी नोंद व्हावी." कुलकर्णीबाईंना स्वतःला काही आठवत नव्हतं. पण पुढे कित्येक वर्षं, काकांचं नाव निघालं की त्या पदर सावरून ताठ बसायच्या.

या सवयीचा सर्वांत जास्त त्रास काकूंना होता. त्यांची चिंचगुळाची आमटी मला आजही आठवते. काका जेवायला बसायचे, दोन वाट्या आमटी संपवायचे आणि म्हणायचे, "आमटी छान झाली आहे, असं हा मुलगा म्हणतो." काकू कपाळाला हात लावायच्या. "अहो, स्वतःच्या जिभेनं जेवता ना? मग दरवेळी दुसऱ्याची साक्ष कशाला काढता?" काका गंभीरपणे म्हणायचे, "मी घरचा माणूस. माझ्या मताला किंमत नाही. बाहेरच्यानं म्हटलं तर ते मोजता येतं."

हे शेवटचं वाक्य ते विनोदाने म्हणत नसत, हे मला नंतर कळलं. त्यांच्या धंद्याचा तो नियमच होता. शास्त्रज्ञाने स्वतःबद्दल काय म्हटलं ते कुणी विचारत नाही. दुसरे त्याच्या कामाचा उल्लेख करतात का, हे बघतात. त्या दिवसांत परदेशातल्या माणसाला पेपर हवा असेल तर तो छापील कार्ड पाठवायचा: आपल्या अमुक लेखाची एक प्रत कृपया पाठवावी. असं कार्ड आलं की काका ते आरशाच्या चौकटीत खोचायचे. आरशात मग दाढी करण्यापुरतीच जागा उरली होती. हंगेरीतल्या कुठल्याशा गावाहून पहिलं कार्ड आलं तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीला रसगुल्ले वाटले. घोषबाबूंना वाटलं, काकांना तिकडे नोकरी लागली. त्यांनी जड आवाजात निरोपाचं भाषण केलं आणि आपली लोकरीची कानटोपी आणून दिली. काकांनी भाषणही ऐकून घेतलं आणि टोपीही ठेवून घेतली. पुढे थंडीत ती घालताना प्रत्येकाला सांगायचे, "टोपी घोषबाबूंची."

मी एम.एस्सी.ला गेलो आणि काकांच्या प्रयोगशाळेत काम करू लागलो, त्याच वर्षी संस्थेला नवीन संचालक आले. ते अमेरिकेत राहून आले होते. प्रोफेसरची एक जागा रिकामी होती आणि तिच्यावर दोघांचा डोळा होता: काका आणि शेजारच्या प्रयोगशाळेतले हालदारबाबू. खरं तर डोळा काकूंचा होता. प्रोफेसरला संस्थेच्या आवारात गच्चीसह घर मिळायचं, आणि बागबाजारच्या खालच्या ओलसर खोल्यांत काकूंचा पापड बावीस वर्षांत एकदाही धड वाळला नव्हता. आतापर्यंत बढतीसाठी नुसते पेपर मोजत. त्यात हालदारबाबू पटाईत. एका संयुगाचा वितळणबिंदू एका पेपरात, रंग दुसऱ्यात, वास तिसऱ्यात. जाता-येता दारातून डोकावून ते विचारायचे, "दादा, आपनार कॉटा?" म्हणजे तुमचे किती झाले? पण नवीन संचालक म्हणाले, किती लिहिलं ते नको, किती लोकांनी त्याचा संदर्भ दिला ते सांगा. हालदारबाबूंचा चेहरा पडला. काकूंनी आनंदाने नवे पापड लाटायला घेतले.

हे संदर्भ मोजायला अमेरिकेतून छापून येणारी एक जाडजूड सूची होती. ती एका मोठ्या ग्रंथालयात होती. एस्प्लनेडला ट्राम बदलून मी आणि काका तिथे गेलो. एकेक खंड उशीएवढा, आणि अक्षर मुंगीच्या पायाएवढं. काकांनी भिंग आणलं होतं. "भिंग प्रयोगशाळेचं आहे," त्यांनी ग्रंथपालांना आपणहून सांगितलं. आम्ही काकांचं नाव काढलं. नावाखाली इन मीन चार ओळी. मी पान उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं. त्यातली एक ओळ काकांनी स्वतःच स्वतःचा दिलेला संदर्भ होती. ती त्यांनी लगेच बाद केली. दुसरी एका जर्मन गृहस्थांची. त्यांचा लेख काढून पाहिला तर त्यात लिहिलं होतं की कलकत्त्याच्या या लेखकाने वर्णन केलेले निळे स्फटिक आम्हाला अनेकदा करूनही मिळाले नाहीत, मिळाली ती करडी भुकटी.

"काका, हा तर तुम्हाला खोटं ठरवतोय," मी म्हणालो.

"हो. पण खंड, वर्ष, पान, सगळं बरोबर दिलं आहे. चांगल्या घरचा माणूस दिसतो."

ग्रंथपालांनाच आमची दया आली असावी. त्यांनी सांगितलं की पेपरवर चार नावं असली तरी या सूचीत तो फक्त पहिल्या नावाखाली सापडतो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांचा एक नियम होता: प्रयोग ज्याने हाताने केला, त्याचं नाव पुढे. विद्यार्थी बरोबर असला की स्वतःचं नेहमी शेवटी. मी काकांच्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं काढायला लागलो, आणि ओळीच्या ओळी! जपान, रशिया, कॅनडा, कुठून कुठून लोक संदर्भ देत होते. ती सगळी कामं काकांची, पण सूचीत काका कुठेच नव्हते. मला रडू यायच्या बेतात होतं. काका मात्र भिंग घेऊन पानावर वाकले होते. "अरे, हा आपला मोंटू! याला ब्युरेट सरळ धरता येत नव्हती, आणि बघ, जपानात पोहोचला! आणि ही आपली शेफाली. हिच्या लग्नात मी पंगतीत वाढलं होतं." ते इतक्या मोठ्याने बोलत होते की शेवटी आम्हाला बाहेर जावं लागलं.

परतताना ट्राममध्ये ते तिकिटाची घडी घालत आणि उलगडत बसले. मला वाटलं, आता दुःख होतंय. मग ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एक सांगतो. तुझ्या काकूंच्या आमटीसारखी आमटी कलकत्त्यात कुठे होत नाही. हे माझं स्वतःचं निरीक्षण आहे. कुणाचा आधार नाही. अजून प्रसिद्ध केलेलं नाही, तेव्हा बोलू नकोस."

जर्मन गृहस्थांना उत्तर देणं भाग होतं. आम्ही प्रयोग पुन्हा केला आणि सुरेख निळे स्फटिक आले. मग तिकडे का येत नाहीत? काका दोन आठवडे चिडचिड करत फिरले. मी भीत भीत म्हणालो, "काका, हे चूक असेल. पण पावसाळ्यात आमच्या घरी मिठाला पाणी सुटतं. आई बरणीत तांदूळ घालून ठेवते. त्या जर्मनांच्या घरी सुटत नसेल." काकांनी लगेच स्फटिक तापवून त्यांची करडी भुकटी केली आणि तिच्यातली अर्धी उघड्यावर ठेवली, अर्धी कोरड्या चुन्याबरोबर बंद बरणीत. सकाळी उघड्यावरची निळी झाली होती, बरणीतली करडीच. कलकत्त्याच्या हवेतलं पाणी पिऊन ते स्फटिक होत होते. ज्या ओलीने काकूंचे पापड बिघडवले, तिनेच आमचं संशोधन घडवलं होतं.

लेख लिहिला गेला आणि काकांनी माझं नाव पुढे घातलं. मुलाखत महिन्यावर आली होती. मी म्हणालो, "काका, या लेखाचे संदर्भ नक्की येणार. सूचीत पहिलंच नाव दिसतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. या वेळी तरी तुमचं पुढे घाला." काका म्हणाले, "मीठ कुणाच्या घरचं?" मी आशेने काकूंकडे पाहिलं. गच्ची त्यांची जाणार होती. काकूंनी ओलसर पापडांचं ताट खाटेखाली सरकवलं आणि म्हणाल्या, "त्याच्या आईचं मीठ, आणि नाव तुमचं? असं कसं चालेल?" मग काकांनी लेखाच्या शेवटी माझ्या आईचे आभारही मानले. संपादकांनी विचारलं की या विदुषी कोणत्या संस्थेत काम करतात. काकांनी कळवलं, "स्वयंपाकघर, खिदिरपूर." दुर्दैवाने ते छापलं नाही.

मुलाखतीहून काका घरी आले ते हालदारबाबूंना द्यायची मिठाई घेऊन, तेव्हाच आम्हाला समजलं. "किती संदर्भ आहेत असं विचारलं," ते सांगू लागले. "मी म्हणालो, चार. पैकी एक माझा मीच दिलेला, एक शिवी. एक सभासद भले होते. म्हणाले, विद्यार्थ्यांबरोबरचे धरून सांगा. मी म्हणालो, ते त्यांच्या नावावर बरोबर लागले आहेत, मी तपासून आलोय." काकूंनी पान वाढलं. जागा हालदारबाबूंना मिळाली. पहिल्याच दिवशी ते दारातून डोकावले, पण त्यांनी किती झाले ते विचारलं नाही. नुसते उभे राहिले आणि गेले.

काका निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी गेलेही. मी आता शिकवतो. आमच्या त्या लहानशा लेखाचा उल्लेख अजूनही कुणीतरी कुठेतरी करतं, आणि सूचीत त्या मुंगीच्या अक्षरांत माझं नाव येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा वडिलांना ते पान दाखवलं होतं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यात साहेबांचं नाव कुठं आहे?"

मागच्या पावसाळ्यात बागबाजारला गेलो होतो. काकू थकल्या आहेत, पण मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. आरशाभोवती ती कार्डं अजून आहेत, दमटपणाने फुगलेली. मी दुसऱ्यांदा आमटी घेतली आणि म्हणालो, "काकू, कलकत्त्यात अशी आमटी कुठे होत नाही."

त्या सवयीने म्हणाल्या, "असं कोण म्हणतं?"

"काका," मी म्हणालो. "ट्राममध्ये म्हणाले होते. स्वतःचं निरीक्षण आहे, कुणाचा आधार नाही, असंही म्हणाले."

काकूंनी पळी आमटीत बुडवली. मग माझी वाटी पुन्हा भरत म्हणाल्या, "नीट सांग. अगदी त्यांच्याच शब्दांत सांग."